खुलासा: घाबरवणारा आवाज मोठाच असतो असं नाही

‘आघातातून गेलेली माणसं फक्त मोठ्या आवाजाला दचकतात, आणि तोच आवाज सारखा ऐकवला की सवय होते.’ वर्षानुवर्षं फिरणाऱ्या या समजाचे दोन्ही भाग चुकीचे आहेत.

आवाज किती मोठा, यापेक्षा तो कशाशी जोडला गेलाय हे अनेकदा जास्त महत्त्वाचं ठरतं. ज्या घरात मारहाण व्हायची, तिथे आधी कुलपात किल्ली फिरायची. वीस वर्षांनी, दुसऱ्याच घरात, तीच बारीक ‘खट्’ ऐकून हातातला कप डुचमळतो. दार उघडून आत येणारा मुलगा असतो, हे एका क्षणाने कळतं; तोवर छाती धडधडायला लागलेली असते. आवाजाचा अर्थ पुरता लागण्याआधीच मेंदूतला अमिग्डाला हा भाग धोक्याची घंटा वाजवू शकतो. त्यामुळे ‘उगाच नाटक करते’ म्हणणं अज्ञानाचं आहे, आणि खरं सांगायचं तर क्रूरही.

हे फक्त सैनिकांनाच होतं, असंही नाही. अपघात, अत्याचार, भूकंप, काहीही कारण असू शकतं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली या विकाराला ‘पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ (पीटीएसडी), म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, असं अधिकृत नाव दिलं. अति दचकणं हे त्याचं एक लक्षण.

आता ‘सवयी’बद्दल. उपचारात भीतीला सामोरं जायला शिकवतात खरं, पण रुग्णाच्या संमतीने, बेताबेताने, प्रशिक्षित माणसासोबत. मागून येऊन टाळी वाजवणं हा उपचार नव्हे. त्यापेक्षा खोलीत शिरताना ‘मी आलोय गं’ एवढं म्हणा.