पेट्यांची बेरीज कुठे चुकते?

मार्च लागला की देवगड-रत्नागिरीकडे आंब्याच्या पेट्या भरायला सुरुवात होते आणि हिशेबही सुरू होतो. कुणाच्या बागेतून किती पेट्या आल्या, त्या किती डझनी, वाशीला किती गेल्या, कॅनिंगला किती किलो माल दिला. हे सगळं वहीऐवजी फोनवर असावं असं वाटणं साहजिक आहे, आणि लो-कोड टूलमुळे ते प्रोग्रॅमिंग न शिकताही जमतं. स्क्रीनवर रकाने ओढून ठेवायचे, बटणं जोडायची, एक्सेलसारखी सूत्रं लिहायची. ‘लो-कोड’ हे नाव 2014 मध्ये फॉरेस्टर या संशोधन संस्थेने रूढ केलं. गावातल्या बीकॉम झालेल्या मुलीने चार दिवसांत असं ॲप उभं केलं, तर त्याचं कौतुकच व्हायला हवं.

माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे: या टूलमध्ये कितीतरी निर्णय आपल्या वतीने आधीच कुणीतरी घेतलेले असतात, आणि ते आपल्याला दिसत नाहीत.

मायक्रोसॉफ्टचं पॉवर ॲप्स हे लो-कोड टूल घ्या. समजा, बागायतदारांच्या एका सोसायटीने पेट्यांच्या नोंदी शेअरपॉइंटच्या (मायक्रोसॉफ्टचीच ऑनलाइन फाइली आणि याद्या ठेवायची सोय) यादीत ठेवल्या आणि ‘सगळ्या पेट्यांची बेरीज कर’ असं सूत्र लिहिलं. ही बेरीज दोन ठिकाणी होऊ शकते: नोंदी जिथे आहेत त्या सर्व्हरवर किंवा हातातल्या फोनवर. जमेल तिथे पॉवर ॲप्स हे काम सर्व्हरकडे सोपवतं. पण शेअरपॉइंटकडे बेरीज सोपवता येत नाही. मग ॲप पहिल्या 500 नोंदी फोनवर आणतं आणि तेवढ्यांचीच बेरीज करतं. सेटिंगमध्ये हा आकडा 2000 पर्यंत वाढवता येतो, त्यापुढे नाही. एप्रिलअखेर 2600 नोंदी झाल्या असतील, तर शेवटच्या 600 हिशेबात येतच नाहीत. ॲप बनवताना सूत्राजवळ इशाऱ्याची खूण दिसते. वापरणाऱ्याच्या फोनवर मात्र काहीच दिसत नाही. मार्चमध्ये पडताळलेली बेरीज बरोबर होती, म्हणून मे महिन्यात कुणी परत बघत नाही, आणि बागायतदारांचे पैसे त्याच आकड्यावर वाटले जातात.

हाताने कोड लिहिणारा प्रोग्रॅमर इथे डेटाबेसला एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेतली, एक ओळ पाठवतो. नोंदी लाखभर असोत, बेरीज तिथेच होते आणि फोनवर फक्त उत्तर येतं. पॉवर ॲप्सलाही तसा डेटाबेस जोडता येतो. पण त्याचं लायसन्स महाग पडतं, आणि तो का जोडायचा हे कळणारं माणूस मुळात लागतं.

आता रेंजचं बघू. डोंगरउतारावरच्या बागेत ती नसतेच, असं धरून चालावं. शिल्लक 120 पेट्या आहेत. एकाने 30 पाठवल्या आणि आपल्या फोनवर 90 केलं. दुसऱ्याने 20 पाठवल्या, त्याच्या फोनवर 100. संध्याकाळी दोघे रेंजमध्ये आले. ‘शेवटी आलेलं खरं’ हा नियम बऱ्याच टूलमध्ये आयता असतो, त्यामुळे शिल्लक 90 किंवा 100 राहते. खऱ्या पेट्या 70. यावर जुना, पक्का उपाय आहे: शिल्लक साठवायचीच नाही, प्रत्येक आवक-जावक वेगळी लिहायची आणि शिल्लक त्यातून काढायची. लो-कोडमध्येही हे करता येतं. फक्त मग नोंदी कित्येक पटींनी वाढतात, आणि आपण पुन्हा त्या 2000 च्या कुंपणापाशी येतो. एका मर्यादेतून काढलेली वाट दुसरीत अडकते, तेव्हा मला कोड लिहिणाऱ्याची खरी गरज वाटते.

आयत्या निर्णयांमुळे केवढं नुकसान होऊ शकतं, हे ऑगस्ट 2021 मध्ये जगाने पाहिलं. पॉवर ॲप्सच्या पोर्टल या वेबसाइट बनवायच्या सोयीवर बांधलेल्या वेबसाइटवरून सुमारे 3 कोटी 80 लाख नोंदी कुणालाही वाचता येतील अशा उघड्या होत्या, हे अपगार्ड या सायबर सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं. कुणी कुलूप फोडलं नव्हतं. नोंदी कुणाला दिसाव्यात हे ठरवणारं परवानगीचं सेटिंग मुळातच बंद असायचं, आणि बनवणाऱ्यांनी ते चालू केलं नव्हतं. पुढे मायक्रोसॉफ्टने ते आधीपासूनच चालू ठेवायला सुरुवात केली. हाताने लिहिलेल्या कोडमध्येही अशा चुका होतात, पण तो कोड तपासणाऱ्याला वाचता तरी येतो.

आणि टूलच बंद पडलं तर? गुगलचं ॲप मेकर जानेवारी 2021 मध्ये बंद झालं. लोकांच्या नोंदी वाचल्या. स्क्रीन, नियम, सूत्रं मात्र दुसरीकडे उचलून नेता येईनात, ती नव्याने बांधावी लागली.

मालवणात दोन खोल्यांचा होमस्टे असेल, तर बुकिंगसाठी लो-कोड खुशाल वापरा. पैसे वाटायचा हिशेब असेल, तर मोहोर असतानाच ॲपमध्ये तीन हजार खोट्या नोंदी भरून बेरीज एक्सेलशी ताडून बघा. दोन फोनचं इंटरनेट बंद करून एकच नोंद दोन्हीकडे बदला आणि मग इंटरनेट सुरू करा. बेरीज जुळली नाही, किंवा दोनपैकी एक बदल गायब झाला, तर पहिली पेटी भरायच्या आत प्रोग्रॅमर गाठायला अजून वेळ आहे.