घंटाफूल (कॅम्पॅन्युला) : बेळगाव सीमाभागातील परसबागेत

कॅम्पॅन्युलेसी कुलातील कॅम्पॅन्युला या प्रजातीची फुलझाडे. लॅटिन भाषेत ‘कांपाना’ म्हणजे घंटा. त्यावरून लिनीअसने १७५३ मध्ये हे नाव रूढ केले. प्रजातीत चारशेहून अधिक जाती असून त्यांतील बहुतेक भूमध्य सागराच्या काठापासून कॉकेशसपर्यंतच्या थंड, डोंगराळ मुलखातल्या आहेत. हिमालयातही काही आढळतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर उगवणारा पुरुषभर उंचीचा देवनळ याच कुलातला, पण तो विषारी असल्याने परसात न आणलेला बरा.

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या नर्सरीत नुसते ‘घंटीफूल’ मागितले तर बहुधा पिवळ्या फुलांचा टेकोमा हातात पडतो. त्याचा या झाडाशी काहीही संबंध नाही. म्हणून कॅम्पॅन्युला हेच नाव घेऊन मागावे आणि पाकिटावरचे वाणाचे नावही वाचावे. कॅम्पॅन्युला मीडियम (उंची ६० ते ९० सेंमी., निळी, गुलाबी वा पांढरी फुले) ही मुळात द्विवर्षायू जाती आहे. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा झुबका येतो, मग कडक थंडी सोसल्यावर फुलांचा दांडा निघतो. साडेसातशे मीटर उंचीवरच्या बेळगावची थंडी माणसाला स्वेटर घालायला लावते, पण या झाडाला ती पुरत नाही. त्यामुळे इथे पहिल्याच वर्षी फुलणारे वाण घ्यावेत. कुंडीसाठी कॅम्पॅन्युला कार्पाटिका ही वीतभर उंचीची जाती सोयीची.

योग्य वाण घेऊनही पुष्कळांच्या पदरी नुसती पाने पडतात. खताला दोष दिला जातो, खरे कारण उजेडाचे आहे. युरोपच्या उन्हाळ्यात दिवस १५-१६ तासांचा असतो आणि या झाडांना कळी धरायला तसा लांब दिवस लागतो. बेळगावचा सर्वांत मोठा दिवसही तेरा तासांच्या आसपास, आणि हिवाळ्यात तर अकराच. उपाय घरगुती आहे: रोपाला दहा-बारा पाने आली की कुंडी ओसरीत आणून रात्री १० ते २ या वेळात वर दिवा लावायचा. लांब अंधार मध्येच तुटला की झाड दिवस मोठा असल्याचे मानते. झीरोच्या बल्बवर भागत नाही. पुस्तक वाचता येईल एवढा उजेड पानांवर पडायला हवा.

बी खसखशीहून बारीक असते. गणपती गेल्यावर ते छपराखालीच पेरावे, कारण परतीची एक सर आली तरी सगळे वाहून जाते. चिमूटभर बी मूठभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून ओल्या मातीवर भुरभुरावे आणि वर माती टाकू नये, उगवायला प्रकाश लागतो. पाणी झारीने न घालता ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून चढू द्यावे. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात. तुळशीचे लग्न आटोपेपर्यंत रोपे दिव्याखाली न्यायच्या बेताची होतात आणि पुढे साधारण दोन महिन्यांत फुलतात. एवढ्यात शिवरात्र येते आणि ऊन तापू लागते. उशिरा पेरणाऱ्यांची गाडी इथेच चुकते.

माती तालुक्यागणिक बदलते. खानापूर-जांबोटीकडची तांबडी माती निचऱ्याला उत्तम, पण आंबट. तीत थोडी चुनखडी मिसळावी. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या रानात पाणी धरून राहते आणि मूळकूज लागते, म्हणून तिथे वाफा वीतभर उंच करून वाळू व जुने शेणखत घालावे. ताजे शेण नको. सकाळचे ऊन, दुपारनंतर सावली अशी पूर्वेची बाजू उत्तम. मावा पडल्यास निपाणीपट्ट्यात तंबाखूचे पाणी मारायची जुनी रीत आहे. ते विषारी असल्याने मुलांच्या हाती लागू देऊ नये. साध्या साबणाच्या पाण्यानेही काम होते. गोगलगाई मात्र रात्री बॅटरी घेऊन वेचाव्याच लागतात.

उमलायच्या बेतातली कळी ब्लेडने उभी चिरून पाहावी. पाच परागकोश मधल्या दांडीला बिलगलेले दिसतात आणि कळी बंद असतानाच आपले पराग दांडीवरच्या केसांवर पुसून ठेवतात. फूल उघडते तेव्हा परागकोश सुकून तळाशी वळलेले असतात. मधमाशी पराग नेते, केस आत ओढले जातात आणि त्यानंतरच दांडीचे टोक फुटून कुक्षी (पराग झेलणारा भाग) पसरते. तिचे भाग कार्पाटिकात तीन, तर मीडियममध्ये पाच. अशी व्यवस्था असल्यामुळे फुलाच्या कुक्षीवर स्वतःचेच पराग सहसा पडत नाहीत. परागण झाले की फूल लवकर मिटते. कोमेजलेली फुले खुडत राहिल्यास नवी येत राहतात.

बहर संपल्यावर मीडियमचे झाड मरते, ते उपटून टाकावे. संकरित वाणाचे बी धरून उपयोग नाही, पुढची फुले तशी येत नाहीत. कार्पाटिका बहुवर्षायू असल्याने तिची छाटणी करून कुंडी उन्हाळाभर झाडाच्या सावलीत ठेवता येते. मृग लागायच्या आत मात्र ती पुन्हा वळचणीच्या आत घ्यावी, कारण पागोळ्यांखाली सापडलेली कुंडी आठवड्याभरात कुजते.