जुन्या पीसीला फोरके मॉनिटर लावताय? ग्राफिक्स कार्ड घ्यायच्या आधी एवढं वाचा

"फोरके मॉनिटर घेतलाय, ४ जीबीचं कार्ड आहे का?" असा मेसेज सारखा येतो. आम्ही उलट विचारतो की मॉनिटरच्या मागे कुठले पोर्ट आहेत, एसएमपीएसच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) स्टिकरचा फोटो टाका, तर काहींना वाटतं आम्ही टाळतोय. टाळत नाही हो, नुसते जीबी, म्हणजे कार्डाची मेमरी, बघून कार्ड नेलं की ते बदलायला परत यावं लागतं आणि त्यात तुमचाच वेळ जातो.

फोरके म्हणजे ३८४० बाय २१६० पिक्सेल, त्याची एक अख्खी फ्रेम साधारण ३३ एमबीत मावते, त्यामुळे नुसतं चित्र दिसायला जीबीवर काही अडत नाही, अडतं ते पोर्टवर. जीटी ७३० चं ४ जीबीवालं कार्ड घ्या, त्याला एचडीएमआय १.४ आहे, म्हणजे त्यातून फोरके दिसेल पण ३० हर्ट्झवर (चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं), माउस हलवला की पॉइंटर अडखळत सरकतो आणि मग मॉनिटरच खराब निघाला अशी तक्रार येते. जीटी १०३० मध्ये सहसा २ जीबीच असते, पण एचडीएमआय २.० मुळे ६० हर्ट्झ मिळतं आणि ३० वॅटच्या आसपास वीज खातं, जुन्या पीसीला अगदी बरं. त्यातलं जीडीडीआर५ मेमरीवालंच मागा, डीडीआर४ वालं त्याच नावाने मिळतं पण बरंच स्लो आहे. मॉनिटरला आणि कार्डाला डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखाच दुसरा पोर्ट) असेल तर १.२ वरही ६० हर्ट्झ येतं. फोरकेवर गेम खेळायचे असतील तर मात्र ही कार्डं नकोत, तसं आधीच सांगा.

जुना व्हीजीए मॉनिटर सोबत ठेवायचा असेल तर जीटी १०३० सारख्या नव्या कार्डातून त्याला लागणारा अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही, साधा अडॅप्टर चालत नाही, चिपवाला कन्व्हर्टर लागतो, तो आमच्याकडे असतो.

आता पॉवर. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, त्यापुढे एसएमपीएसची वेगळी ६ किंवा ८ पिनची वायर लागते. जुन्या एसएमपीएसला ती बऱ्याचदा नसते, मग "मोलेक्सवरून (जुन्या ४ पिनच्या वायरवरून) कन्व्हर्टर लावून द्या ना" असा आग्रह होतो. लोकल एसएमपीएसवर आम्ही ते करून देत नाही, कारण स्टिकरवर ४५० वॅट छापलेलं असलं तरी १२ व्होल्टच्या लाइनला अँपिअर कमी असतात, लोड आला की पीसी बंद पडतो, वायर तापते, कनेक्टर वितळायचीसुद्धा भीती असते. चांगला एसएमपीएस घ्या, पुढच्या पीसीलाही कामाला येईल.

स्लिम कॅबिनेट असेल तर लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं कार्डच बसतं, त्याला मागे लावायची छोटी पट्टी बॉक्समध्ये आहे ना ते बघून घ्या.

आणि कार्ड घरी बसवलंत तर मॉनिटरची केबल कार्डाला लावा, मदरबोर्डला नाही, 'कार्ड डेड आहे' म्हणून आलेल्या फोनमध्ये बरेचदा एवढंच निघतं.

तर तीन फोटो पाठवा: मॉनिटरचे पोर्ट, एसएमपीएसचा स्टिकर, कॅबिनेट उघडून आतला स्लॉट. शक्य असेल तर कॅबिनेट आणि तुमची केबल घेऊनच या, कार्ड बसवून ६० हर्ट्झ लागलेलं तुमच्यासमोर दाखवतो, मगच बिल करतो.