ओल्या दाताला चिकटवायचं कसं?

पोखरलेल्या दातावर डॉक्टरांनी हवेचा झोत सोडला की कळ थेट मस्तकात जाते. ही कळ दातातलं पाणी हलल्यामुळे उठते. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात ते प्रयोगांनी दाखवलं. इनॅमल म्हणजे दाताचं बाहेरचं कडक कवच. त्याखालच्या डेंटिन या थरात असंख्य बारीक नळ्या असतात आणि त्या द्रवाने भरलेल्या असतात. वरचं तोंड वाळलं की आतला द्रव झपाट्याने बाहेर सरकतो आणि नळीच्या आतल्या टोकाशी असलेल्या मज्जातंतूंना तो ओढा जाणवतो. हे आधी सांगितलं, कारण दात भरण्याच्या शास्त्राची गेल्या सत्तर वर्षांतली बरीचशी धडपड याच पाण्याभोवती झाली आहे.

इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. डेंटिनचं तसं नाही. त्यात ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय भाग (मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू) आणि १० टक्के पाणी असतं. आकारमानाने मोजलं तर पाण्याचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास जातो. इनॅमलजवळ दर चौरस मिलिमीटरला साधारण २०,००० नळ्या असतात, नसेजवळ ४५,०००पेक्षाही जास्त, आणि तिथे त्या रुंदही असतात. म्हणजे कीड जितकी खोल, तितकी खालची जमीन ओली. शिवाय जिवंत दातात नसेकडून बाहेर सौम्य दाब असतो, त्यामुळे कितीही पुसलं तरी पाणी पाझरतच राहतं.

दातात चांदी भरायचे तेव्हा याची फिकीर नव्हती. चांदी दाताला चिकटतच नाही, ती खाचेत अडकून बसते. अमेरिकन दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी घालून दिलेल्या पद्धतीत खड्डा आत रुंद आणि तोंडाशी अरुंद कोरायचा, म्हणजे भरलेली चांदी निसटत नाही. पण ती खाच करायला किडीबरोबर चांगला दातही कापावा लागे. मला वाटतं, चिकटणाऱ्या फिलिंगच्या शोधामागची खरी कळकळ ही होती. दात वाचवायला बसायचं आणि धडधाकट दातच कोरून काढायचा, हे कुणालाही खटकणारच.

१९५५मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरच्या मायकेल बुओनोकोर यांनी वाट दाखवली. धातूला रंग नीट धरावा म्हणून कारखान्यात आधी फॉस्फोरिक आम्ल लावत. त्यांनी तेच आम्ल, ८५ टक्के तीव्रतेचं, ३० सेकंद इनॅमलवर लावलं, धुतलं, वाळवलं आणि वर अ‍ॅक्रिलिक बसवलं. ते घट्ट धरलं. आम्लाने इनॅमलवर सूक्ष्म खड्डे पडतात, त्यांत रेझिन (अ‍ॅक्रिलिकसारखं, आधी पातळ असलेलं प्लॅस्टिक) शिरतं आणि तिथेच कडक होतं. इनॅमल खडखडीत वाळवता येतं. वाळलं की ते खडूसारखं पांढरं दिसतं आणि डॉक्टरांना तीच काम नीट झाल्याची खूण वाटते. १९६२मध्ये राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए या रेझिनचं पेटंट घेतलं, त्यातून आजची दाताच्या रंगाची कंपोझिट फिलिंग आली.

डेंटिनला मात्र हा उपाय लागू पडेना. बुओनोकोर यांनी १९५६मध्येच प्रयत्न केला होता, पण तो जोड पाण्यात टिकत नसे. रेझिनला पाण्याचं वावडं आणि डेंटिन तर पाण्याने भरलेलं. शिवाय आम्ल नळ्यांतून आत जाऊन नस मारेल, या भीतीने पाश्चात्त्य दंतवैद्य डेंटिनला आम्ल लावायला कित्येक वर्षं धजले नाहीत.

जपान मात्र थांबला नाही. १९७९मध्ये तोक्योत ताकाओ फुसायामा यांनी इनॅमल आणि डेंटिन दोन्हींना एकदमच आम्ल लावायची पद्धत मांडली. १९८२मध्ये तिथल्याच नोबुओ नाकाबायाशी आणि सहकाऱ्यांनी आत काय घडतं ते दाखवलं. आम्लाने वरच्या काही मायक्रॉनमधलं खनिज विरघळतं, उरलेल्या कोलॅजेनच्या जाळीत रेझिन मुरतं आणि निम्मा दात, निम्मं रेझिन असा एक नवा थर तयार होतो. त्याला संकरित थर म्हणतात. या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर शोध, असं माझं मत आहे.

पण आम्लाने खनिज गेल्यावर त्या जागी काय येतं? पाणीच. आता त्या पट्ट्यात साधारण ३० टक्के कोलॅजेन आणि ७० टक्के पाणी असतं. खनिजाचा आधार गेलेले तंतू केवळ पाण्यामुळे एकमेकांपासून सुटे तरंगत असतात. इनॅमलच्या सवयीने डॉक्टर हवेचा झोत मारत, पाणी उडून जाई आणि ओलं पातळ कापड वाळताना अंगाला चिकटावं तसे ते तंतू एकमेकांवर बसत. जाळी मिटली की रेझिनला आत शिरायला वाट उरत नसे. डोळ्यांना सगळं स्वच्छ, कोरडं दिसे. फिलिंग मात्र सुटे किंवा दात पुढे महिनोन् महिने सळसळत राही.

याचा उलगडा अमेरिकेतले दंतवैद्य जॉन कान्का यांनी केला. १९९२च्या सुमारास त्यांनी आणि ग्विनेट यांनी दाखवलं, की आम्ल धुतल्यावर डेंटिन मुद्दाम ओलसर ठेवलं तर जोड कितीतरी बळकट होतो. पाणी तंतू उघडे ठेवतं, अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं रेझिन त्या पाण्याला बाजूला सारत आत जातं आणि मग द्रावक उडून जातो. तोंडात लाळेचा थेंब येऊ नये म्हणून जिवाचं रान करणाऱ्या डॉक्टरांना हे पचवणं सोपं नव्हतं.

ओलसर म्हणजे नेमकं किती, हा प्रश्न राहिलाच. १९९६मध्ये फ्रँकलिन टे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पाणी जास्त झालं तर रेझिन त्यातच फाटतं आणि जागोजागी पाण्याचे फुगे अडकतात. एकाच खड्ड्याच्या तळाशी डबकं आणि भिंतीवर कोरडं, असं सहज होतं. आजही अनुभवी हात झोत न मारता कापसाच्या बोळ्याने टिपून घेतात.

दुसऱ्या वाटेने आम्ल धुण्याची पायरीच काढली गेली. जपानच्या कुरारे कंपनीने १९८१मध्ये दहा-एमडीपी नावाचा रेणू तयार केला. तो सौम्यपणे खनिज विरघळवतो आणि कॅल्शियमशी रासायनिक बंधही धरतो. असा रेणू असलेल्या चिकटद्रव्यांच्या बाटल्यांत पाणी मुद्दाम घालावं लागतं, कारण पाण्याशिवाय आम्लाचं आयनीभवन होत नाही. पाण्याशी आणखी घरोबा आहे तो ग्लास आयनोमर सिमेंटचा. लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी १९७०च्या आसपास केलेलं हे सिमेंट पाण्यातच घट्ट होतं आणि वाळलं तर तडकतं.

पाणी आत राहिलं की पुढे काय होतं, ते २००४मध्ये डेव्हिड पॅशली यांच्या गटाने उघड केलं. आम्लाने खनिज काढलेलं डेंटिन त्यांनी निर्जंतुक कृत्रिम लाळेत २५० दिवस ठेवलं. कोलॅजेन जवळजवळ नाहीसं झालं. जंतू तिथे नव्हतेच. डेंटिनमध्ये दात घडतानाच अडकून राहिलेली विकरं (एन्झाइम) तंतू तोडत होती. तेलात ठेवलेल्या नमुन्यांत मात्र कोलॅजेन शाबूत राहिलं, कारण त्या विकरांना तोडायला पाणी लागतं. रेझिन न पोचलेल्या तंतूंभोवती उरलेल्या पाण्याचं काम असं वर्षानुवर्षं चालू राहतं, आणि दाताखालचा जोड आतून झिजतो.

म्हणून क्लोरहेक्सिडीनसारख्या द्रव्यांनी ती विकरं रोखायचे प्रयत्न झाले. इथेनॉलच्या चढत्या मात्रा लावून तंतूंमधलं पाणी बदलायची कल्पनाही आली. प्रयोगशाळेत तिने उत्तम जोड दिला. पण तिला कित्येक मिनिटं लागतात, आणि जबडा उघडा ठेवून बसलेल्या माणसाच्या तोंडात तितका वेळ मिळत नाही. नळ्यांतून पाणी पुन्हा वर यायला मात्र काही क्षण पुरतात.