कॅडिलॅक कर आणि परदेशस्थ निवृत्त

कॅडिलॅक कर हे अमेरिकेत नोकरीमार्फत मिळणाऱ्या महागड्या आरोग्य विम्यावर बसवायच्या अबकारी कराचे बोलीतले नाव. बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष असताना २०१० साली झालेल्या आरोग्यसेवा कायद्यात त्याची तरतूद होती. विम्याचा वर्षाचा खर्च ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला, की वरच्या रकमेवर ४० टक्के कर, असे त्याचे स्वरूप. प्रत्यक्षात तो कधीच वसूल झाला नाही. तरी निवृत्तीनंतर अमेरिकेबाहेर स्थायिक झालेल्यांच्या दृष्टीने त्याची कलमे आजही बारकाईने वाचण्यासारखी आहेत, कारण करातली सवलत त्यांच्याच बाबतीत उलटी पडत होती.

या कराचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. १९४२ च्या कायद्याने पगारवाढीवर बंधने आली, तेव्हा माणसे टिकवण्यासाठी कंपन्यांनी आरोग्य विमा देऊ केला. कंपनी भरते तो हप्ता कामगाराचे उत्पन्न धरायचा नाही, हे १९५४ च्या करसंहितेत पक्के झाले. पगारावर कर आणि विम्यावर माफी, असे झाल्यावर विमा फुगत जाणारच. ही करमाफी अमेरिकी सरकारच्या सर्वांत मोठ्या करसवलतींपैकी एक ठरली. तिला थेट हात लावणे राजकीयदृष्ट्या अवघड, म्हणून कॅडिलॅक कराचा आडमार्ग निघाला. अर्थतज्ज्ञांचा त्याला मोठा पाठिंबा होता. कामगार संघटना आणि मोठ्या कंपन्या मात्र एकमुखाने विरोधात होत्या.

मर्यादा एका व्यक्तीसाठी १०,२०० डॉलर आणि कुटुंबासाठी २७,५०० डॉलर होती. हप्ता कंपनीने भरला की निवृत्ताने स्वतःच्या खिशातून, याला महत्त्व नव्हते. दोन्ही वाटे मिळून खर्च मोजायचा होता. कर भरायचा विमा कंपनीने किंवा योजना चालवणाऱ्याने. पण तो शेवटी हप्त्यात मिसळणार किंवा योजनेतल्या सोयी कमी होणार, याबद्दल कोणाला शंका नव्हती. मर्यादा दरवर्षी सर्वसाधारण महागाईच्या हिशोबाने वाढायची होती. दवाखान्यांचे दर त्याहून वेगाने चढतात, त्यामुळे आज मर्यादेत बसणारी साधी योजनाही पुढे करात सापडली असती.

निवृत्तांसाठी कायद्याने वरची मर्यादा ठेवली होती: व्यक्तीला ११,८५० आणि कुटुंबाला ३०,९५० डॉलर. ती मिळवायला तीन अटी होत्या. माणूस निवृत्त हवा, वयाची ५५ वर्षे पूर्ण हवीत आणि तो मेडिकेअरला पात्र नको. मेडिकेअर म्हणजे ६५ वर्षांवरील लोकांचा सरकारी विमा. या तिसऱ्या अटीमागचा विचार अमेरिकेत राहणाऱ्यांपुरता बरोबरच होता. पासष्टीनंतर दवाखान्याचे बिल आधी मेडिकेअर उचलते, कंपनीच्या योजनेवर उरलेलाच भार येतो, मग जादा मर्यादा कशाला?

पण मेडिकेअर अमेरिकेच्या हद्दीबाहेर, मोजके अपवाद सोडता, पैसे देत नाही. लिस्बनमध्ये, मनिलात किंवा पुण्यात राहणाऱ्या सत्तर वर्षांच्या माणसाची मेडिकेअरची पात्रता कागदावर शाबूत असते आणि त्या गावात तिचा उपयोग शून्य असतो. कंपनीची योजना असलीच, तर पहिल्या डॉलरपासून बिल तिलाच भरावे लागते. म्हणजे भार पूर्ण आणि मर्यादा खालची.

समजा, एकट्या माणसाच्या योजनेचा वार्षिक खर्च १२,२०० डॉलर आहे. चौसष्टाव्या वर्षी त्याला ११,८५० ची मर्यादा लागू, जादा रक्कम ३५० डॉलर, कर १४० डॉलर. पासष्टी उलटली की मर्यादा १०,२०० वर येते, जादा रक्कम २,००० होते आणि कर ८०० डॉलर. योजना तीच, माणूस तोच, आणि तो परदेशात असेल तर मेडिकेअरचा आधारही नाही. पासष्टीच्या अलीकडचे व पलीकडचे निवृत्त एकाच गटात धरून सरासरी खर्च काढण्याची मुभा कायद्यात होती. तिने आकडे थोडे सौम्य झाले असते, मूळ विसंगती गेली नसती.

परदेशस्थांच्या विम्याबद्दल २०१४ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि अशा योजनांना २०१० च्या कायद्याच्या बहुतेक अटींतून, तसेच बव्हंशी या करातूनही, सूट मिळाली. मात्र त्यातली परदेशस्थाची व्याख्या कामासाठी देशाबाहेर गेलेल्या किंवा अमेरिकेत पाठवलेल्या नोकरदारांभोवती आणि मिशनरी, विद्यार्थी यांसारख्या गटांभोवती बेतलेली होती. स्वखुशीने परदेशात राहणारा निवृत्त तिच्यात नावाने कुठेच नाही. माझ्या मते ही त्या कायद्याची खरी उणीव. सरकारी नागरी कर्मचाऱ्यांच्या योजनाही करात धरल्या होत्या, आणि परदेशात स्थायिक होणाऱ्या सरकारी निवृत्तांना याच योजनांचा आधार असतो.

कर २०१८ मध्ये सुरू व्हायचा होता. २०१५ च्या डिसेंबरात तो २०२० पर्यंत आणि २०१८ च्या जानेवारीत २०२२ पर्यंत पुढे ढकलला गेला. जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ४१९ विरुद्ध ६ मतांनी रद्दीकरणाच्या बाजूने कौल दिला आणि त्याच वर्षीच्या २० डिसेंबरला तो कायमचा रद्द झाला. विम्यावरची मूळ करमाफी मात्र तशीच आहे आणि तिला कमाल मर्यादा घालण्याच्या सूचना वॉशिंग्टनमध्ये अधूनमधून पुढे येतात.

अमेरिकेत नोकरी करून पुणे-नाशिककडे परतणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे मेडिकेअरचा हाच पेच वेगळ्या रूपात उभा राहतो. डॉक्टरांच्या फीसाठीचा मेडिकेअरचा भाग ब ऐच्छिक आहे. २०२५ मध्ये त्याचा हप्ता दरमहा १८५ डॉलर होता. भारतात राहून तो भरायचा, तर इथे काही मिळत नाही. सोडून द्यावा आणि नातवंडांसाठी किंवा मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पुन्हा अमेरिकेत जावे लागले, तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो आणि ती वाढ सहसा आयुष्यभर राहते. निवृत्तांना कंपनीकडून मिळणारा विमा असला तरी हा दंड टळत नाही. त्यासाठी चालू नोकरीतलाच विमा लागतो. म्हणून परतीचे तिकीट काढण्याआधी दोन गोष्टी कंपनीकडून लेखी घ्याव्यात: योजना भारतातल्या रुग्णालयाचे बिल देते का, आणि देताना मेडिकेअरने आपला वाटा भरला असे गृहीत धरून रक्कम कापते का.