वाळूतून शिक्षण (मराठवाडा)

वाळू चाळून, भिजवून, मोजून मुलांना तिची ओळख करून देण्याची शिक्षणपद्धती. अंगणवाडीत ती खेळ म्हणून सुरू होते. पुढे प्राथमिक शाळेत परिसर अभ्यास आणि गणिताला जोडली जाते. धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे.

मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा आणि काळ्या मातीचा. वाळू मुलांना भेटते ती गोदावरी, पूर्णा, दुधना, सिंदफणा यांच्या पात्रात, नाहीतर एखाद्या बांधकामापाशी. देगलूर-बिलोलीकडची मांजरेची वाळू मात्र तांबूस, कारण नदी तिथे ग्रॅनाइटच्या मुलखातून येते. पांढऱ्या कागदावर चिमूटभर वाळू पसरून भिंग धरले की काचेसारखे, दुधी, तांबडे, काळे कण सुटे दिसू लागतात. वरून लोहचुंबक फिरवला की काही काळे कण टपकन चिकटतात. हे मॅग्नेटाइट नावाचे लोहखनिज, बेसाल्ट झिजून मोकळे झालेले. शेजारी क्रशरची, म्हणजे यंत्रात दगड फोडून केलेली, वाळू ठेवावी: तिचे कण टोकदार, नदीचे घासून गोलसर झालेले. ०.०६२५ ते २ मिलिमीटरपर्यंतचा कण म्हणजे वाळू, ही व्याख्या यानंतर सांगितली तर मुलांना ती पाठ करावी लागत नाही.

दुष्काळ पाहिलेल्या या भागात सर्वांत मोलाचे प्रयोग पाण्याचे. प्लॅस्टिकच्या दोन बाटल्यांचे तळ कापून, तोंडांना फडके बांधून त्या उलट्या धरायच्या. एकीत वाळू, दुसरीत काळी माती. सारखेच पाणी ओतले की वाळूतून ते लगेच गळते, माती ते धरून बसते. मग काठोकाठ भरलेल्या पेलाभर कोरड्या वाळूत मापाने पाणी ओतावे. पेल्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढे पाणी कणांच्या फटींत मावते. आटलेल्या नदीच्या वाळूत झिरा (पाण्यासाठीचा खड्डा) उकरला की पाणी कसे लागते, हे इथे मुलांना स्वतःच उमगते. वाळूचा बेसुमार उपसा झालेल्या गावात काठच्या विहिरींचे पाणी का खोल जाते, हा प्रश्न मग आपोआप येतो आणि शिक्षकांनी तो टाळू नये.

गणितासाठी ब्रास हे माप हाताशीच आहे. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. रिकाम्या ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची टेपने मोजून तिच्यात किती ब्रास मावेल, हे पाचवी-सहावीची मुले काढू शकतात.

खेळाची वाळू धुऊन उन्हात वाळवावी आणि रात्री झाकावी, कारण कुत्री-मांजरे तिच्यात घाण करतात. बारीक धूळ उडू देऊ नये. नदीपात्रात मुलांना मोठ्या माणसांशिवाय नेऊ नये: उपशाचे खड्डे पाण्याने भरले की वरून उथळ वाटतात, आत पुरुषभर खोल असू शकतात.