बागेतले गवत कापायचे यंत्र: छोट्या ट्रॅक्टरच्या पुढे की मागे?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पाऊस ओसरायला लागला की दुकानात आलेले बागायतदार आमच्यापुढे मोबाइल धरतात. त्यात कुठल्यातरी थंड देशातला छोटा ट्रॅक्टर असतो, तोंडाला बर्फ उडवायचे यंत्र आणि चालक समोर बघत निवांत चाललेला. "गवताचे यंत्र असेच पुढे लावून द्याल का?" लावता येते. तरी बहुतेकांना आम्ही मागचेच यंत्र घ्या म्हणतो. का, ते सांगण्यासाठी हे पत्रक.

तिकडच्या लोकांनाही हा पेच पडतोच. यंत्र पुढे असले की चाकाखाली दबण्याआधीच बर्फ उचलला जातो आणि मान वळवावी लागत नाही. मागे असले तर ट्रॅक्टरला वेगळे काही बसवावे लागत नाही, खर्च वाचतो, पण रिव्हर्समध्ये मागे बघत काम करावे लागते. गवताचेही असेच आहे. फरक एवढाच की ते लोक बहुतेक वेळा घरासमोरचा सपाट रस्ता साफ करतात. आपल्या गोव्यातल्या सत्तरी, सांगे, पेडणे या भागांतल्या काजूच्या बागा डोंगरउतारावर आहेत, खाली चिऱ्याचा कातळ आणि वर कमरेएवढे गवत, मधूनमधून रानमोडीची झुडपे.

आधी तुमच्या ट्रॅक्टरकडे बघा. आपल्याकडे मिळणाऱ्या वीस ते तीस एचपीच्या बहुतेक ट्रॅक्टरांना पीटीओ (इंजिनच्या ताकदीने अवजार फिरवणारा दांडा) आणि थ्री पॉइंट लिंकेज (अवजार जोडून उचलायचे तीन सांधे) फक्त मागे असते. पुढे यंत्र लावायचे तर वेगळी फ्रेम, उचलायला सिलिंडर, त्याला हायड्रॉलिकची लाइन आणि इंजिनकडून पुढे पॉवर आणायची सोय, हे सगळे नव्याने बसवावे लागते. तुमच्या मॉडेलसाठी कंपनीचे किट असेल तर ठीक. नसेल तर गॅरेजमध्ये वेल्डिंग करून जुगाड करू नका, वॉरंटीवर पाणी सोडावे लागू शकते. आणि आज मागे चालणारे स्लॅशर (आडव्या फिरत्या पात्याचे गवत कापायचे यंत्र) उद्या उचलून पुढे लावू, असेही होत नाही. मागचा पीटीओ सहसा 540 आरपीएमचा (मिनिटाला 540 फेरे) असतो, पुढचे पुष्कळदा 1000 चे. फिरण्याची दिशासुद्धा जुळावी लागते. उलट्या दिशेने फिरवलेले पाते गवत कापत नाही, नुसते झोडपते.

मागच्या यंत्राचा दोषही सांगतो. ट्रॅक्टरची चाके आधी गवतावरून जातात, पाते नंतर येते. कोरड्या गवताला याने फारसे बिघडत नाही, पण सप्टेंबरातले ओले गवत दबून आडवे होते, पात्याखालून निसटते आणि काही दिवसांनी चाकांच्या दोन रेघा पुन्हा उभ्या राहतात. ज्यांना काजूचा बोंडू जमिनीवरून वेचायचा आहे त्यांना या रेघा नको असतात. यावर इलाज म्हणजे एक फेरी उलट दिशेने मारायची, किंवा गवत फारच दाट असेल तिथे रिव्हर्समध्ये शिरायचे. आमचे मत विचाराल तर ऑक्टोबरात गवत जरा सुकू द्या आणि मग कापा, निम्मी कटकट तिथेच मिटते.

आता उताराकडे येऊ, कारण चुकीचे यंत्र घेतले तर पैशांपेक्षा मोठे नुकसान इथेच होते. मागे अवजार उचलून चढ चढताना ट्रॅक्टरचे तोंड हलके होते आणि स्टिअरिंग ऐकेनासे होते. यावर उपाय स्वस्त आहे: पुढे बंपरवर वजने लावा. अवजारासकट एकूण वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे. यंत्र पुढे लावले की गणित उलटते. उतरताना सगळा भार पुढच्या एक्सलवर येतो आणि मागची चाके हलकी पडतात, आणि या ट्रॅक्टरांचे ब्रेक असतात मागच्या चाकांना. ओल्या गवतावर ब्रेक दाबला की मागची चाके घसरतात. फोर व्हील टाकूनच उतरायचे आणि मागे वजन बांधायचे, हे ठरलेलेच. तेवढे करूनही उताराच्या बागेसाठी आम्ही पुढचे यंत्र सुचवत नाही. यंत्र कुठेही असो, उतारावर आडवे चालवू नका, सरळ वर-खाली जा. रोलबार (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान) उभा असेल तर सीटबेल्ट लावा. रोलबार नुसता असून भागत नाही, बेल्ट नसेल तर ट्रॅक्टर उलटताना माणूस बाहेर फेकला जातो.

झाडांमध्ये वळतानाही फरक पडतो. मागे यंत्र असले की वळताना शेपूट बाहेर फिरते आणि चालकाचे लक्ष समोर असते. माडाच्या खोडाला अशी एक धडक बसली की जखम होते, आणि त्या जखमेच्या वासाने माडाचे खोड पोखरणारा सोंड्या भुंगा येतो. साडेसात मीटरवर लावलेल्या माडांत जागा भरपूर असते, घाई केली तरच खोडाला लागते. काजूच्या कलमांचे निराळे आहे. त्यांच्या फांद्या खाली लोंबतात, ट्रॅक्टर त्यांच्याखाली जाऊच शकत नाही. तिथे मागचेच, पण बाजूला सरकवता येणारे मल्चर (गवताचा बारीक चुरा करणारे यंत्र) घ्या. ट्रॅक्टर ओळीतून चालतो आणि यंत्र फांदीखाली शिरते. बुंध्याजवळचे गवत मात्र कोयत्याने किंवा पाठीवरच्या ब्रश कटरनेच काढावे लागेल.

कुळागरात, म्हणजे सुपारीच्या मिश्र बागेत, पाट आणि सुपारीची दाटी असते, तिथे ट्रॅक्टर नेण्याचा विचारही करू नका. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीत, चिखल असेपर्यंत पुढचे जड यंत्र ट्रॅक्टरचे नाक रुतवते.

रुंदीच्या बाबतीत हाव नको. स्लॅशरला फुटामागे साधारण पाच एचपी धरा, तेही पीटीओवर मिळणारे. इंजिन 24 एचपीचे असेल तर पीटीओवर वीसच्या आसपास मिळतात, म्हणजे चार फुटी स्लॅशर पुरे. तो दोन्ही मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडा झाकतो ना, हे टेप लावून बघा. मल्चर त्याच रुंदीत जास्त ताकद मागतो.

चिऱ्याचे तुकडे, नारळाची सोडणे आणि पडलेला दगडी गडगा हे पात्याचे शत्रू. स्लिप क्लच (पाते अडकले की घसरणारा) किंवा शेअर बोल्ट (पाते अडकले की स्वतः तुटणारा) असलेलेच यंत्र घ्या, आणि तुटलेल्या शेअर बोल्टच्या जागी हाताला लागेल तो कडक बोल्ट ठोकू नका. बोल्ट वाचेल, गिअरबॉक्स जाईल. यंत्राच्या कडेच्या साखळ्या किंवा रबरी पट्ट्या काढू नका, उडालेला दगड लांबवर जातो. पीटीओ शाफ्टचे प्लॅस्टिकचे कव्हर फुटले असेल तर आधी ते बदला. 540 आरपीएम म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. लुंगी, ओढणी किंवा रेनकोटची दोरी अडकली तर हात आखडायलासुद्धा वेळ मिळत नाही.

मग पुढचे यंत्र घ्यावे कोणी? ज्यांची माडांची बाग सपाट आहे, पावसातही गवत कापत राहावे लागते, ट्रॅक्टरला कंपनीचे किट मिळते आणि मागे त्याच फेरीत दुसरे अवजार ओढायचे आहे, त्यांनी. अशांना आम्ही आनंदाने देतो. फक्त रेडिएटरची जाळी कामाच्या दिवशी मधूनमधून साफ करत राहा. पुढच्या पात्याने उडवलेले गवताचे बी आणि तांबडी धूळ थेट तिथेच जाऊन बसते आणि इंजिन तापते.

अनुदानासाठी कृषी कार्ड जवळ ठेवा आणि खरेदीआधी आपल्या विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करा. बिल झाल्यावर विचारलेत तर आम्हाला काही करता येत नाही.

दुकानात येताना ट्रॅक्टरचे मॉडेल, मागच्या टायरांची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी आणि बागेतल्या सगळ्यात तीव्र उताराचा एक फोटो घेऊन या. फोटो खालून वर बघत काढा. वरून काढला तर प्रत्येक उतार सपाटच दिसतो.